तीन मिनिटं झाली

परवा नातीचा फोन आला. तसा तो दर रविवारी येतो, पण हा बुधवारी आला आणि तोही भर दुपारी, म्हणून आधी छातीत धस्स झालं. वयच असं झालंय, अवेळी फोन वाजला की मन भलतीकडे धावतं. पण तसं काही नव्हतं. म्हणाली, "आजी, तू शाळेत इतिहास शिकवायचीस ना? मग मला एका खोलीचा इतिहास सांग."

घरच्या मंडळींना ठाऊक आहे, इतर वाचकांसाठी सांगते. ही नात पुण्यात एका कॉल सेंटरमध्ये टीम लीडर आहे. हाताखाली अठरा मुलं-मुली. आता त्यांचा नवा मजला होणार आहे आणि तो "कर्मचाऱ्यांच्या भावना आणि स्वास्थ्य लक्षात घेऊन" सजवायचा असं वरून ठरलंय. त्यासाठी सहा जणांची समिती, त्यात ही. तिने मला यादीच पाठवली. भिंतींना फिकट हिरवा रंग, कुंड्या, बसलं की आत रुतणाऱ्या त्या गोणपाटासारख्या गाद्या, झोपायला कप्पे, एक शांतता कक्ष, आणि दारापाशी एक यंत्र. जाताना त्यावरच्या पाच चेहऱ्यांपैकी एकावर बोट ठेवायचं. हसरा, बरा, मख्ख, उदास, रडका.

"यातलं काय ठेवावं?" असा तिचा प्रश्न. मी म्हटलं, बाई, मला आठ दिवस दे. यादी वाचताना मला तुझी अक्काआजी आठवली आहे.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. १९६५ मध्ये ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागली. गावाचं नाव लिहीत नाही, जिल्ह्याचं ठिकाण होतं एवढं पुरे. तेव्हा परगावी फोन करायचा म्हणजे ट्रंक कॉल बुक करायचा. ऑपरेटर तिकिटावर पेन्सिलीने नंबर लिहून घेणार, मग तुम्ही वाट बघत बसायचं, तास, दोन तास, कधी अख्खा दिवस. अर्जंटला दुप्पट पैसे. लायटनिंगला तर कितीतरी पट, तो फक्त मरणाला नाहीतर मंत्र्याला. कॉल लागला की तीन-तीन मिनिटांचा हिशोब. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये बोलणार, "तीन मिनिटं झाली, पुढे चालू ठेवायचं का?" माझ्या वयाच्या लोकांच्या कानात हे वाक्य अजून असेल.

अक्का ड्युटीवरून यायची, हातपाय धुवायची आणि मागच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. कुणाशी बोलायची नाही. आई चहा घेऊन गेली तर कप नुसता बाजूला ठेवायची. आम्हा धाकट्यांना वाटायचं, सरकारी नोकरी लागली म्हणून अक्काला शिष्टपणा आलाय. मी तिच्या तोंडावरसुद्धा एकदा बोलले होते. मला रेडिओ लावायचा होता आणि ती म्हणत होती, "बंद कर, आवाज नको." मी म्हटलं, "दिवसभर परक्या लोकांशी गोड बोलतेस, घरच्यांशी बोलायला तुला जड जातं!" ती काही म्हणाली नाही. पुढे लग्न झालं, मुलं झाली, एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं, ती निवृत्त झाली. तो विषय तिथेच राहिला.

तर या आठ दिवसांत मी वाचन केलं. टोरांटोच्या भाच्याने बरंच शोधून पाठवलं, इंग्रजी शब्दकोश घेऊन बसले. त्यातून जे हाती लागलं ते नातीला लिहून पाठवलं, आणि तेच थोडं नीट करून इथे देतेय.

टेलिफोन आला तेव्हा, म्हणजे १८७८ च्या सुमारास, अमेरिकेत एक्स्चेंजमध्ये पोरगे ठेवले होते, तारखात्यात निरोप पोचवणारे असायचे तसले. ते गिऱ्हाइकांना उलट बोलायचे, शिव्या द्यायचे, आपापसांत मारामाऱ्या करायचे. आठवीच्या वर्गावर पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला याचं नवल वाटत नाही. मग १ सप्टेंबर १८७८ ला बोस्टनमध्ये एमा नट नावाची मुलगी कामाला घेतली. जगातली पहिली स्त्री ऑपरेटर ती. काही तासांनी तिची बहीण स्टेलाही लागली. लोकांना त्यांचा मऊ आवाज आवडला आणि बघता बघता हे काम बायकांचंच झालं. पगार मुलांपेक्षा जास्त द्यावा लागत नव्हता हेही कारण होतंच. पण ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की कंपनीने त्या दिवशी हातांपेक्षा स्वभाव विकत घेतला. न चिडणं हे कामाचा भाग झालं. पुढे अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या जाहिरातींत "हसऱ्या आवाजा"चं कौतुक असायचं ते यातूनच.

आता टोरांटो. ही गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तिथल्या बेल टेलिफोन कंपनीने १९०३ मध्ये ऑपरेटर मुलींना पाच तासांची पाळी दिली होती. दया म्हणून नव्हे. बोर्डावरचं काम इतकं दाट झालं होतं, की पाच तासांवर माणूस टिकत नाही असं कंपनीलाच वाटलं होतं. पण १९०७ च्या जानेवारीत तिने फर्मान काढलं, १ फेब्रुवारीपासून आठ तास. पगार वाढवला, पण तासांच्या मानाने नाही. ३१ जानेवारीला चारशेच्या वर मुली काम सोडून बाहेर पडल्या. बहुतेकींना संघटना म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. सरकारने चौकशी आयोग नेमला, त्यात एक न्यायाधीश आणि दुसरे मजूर खात्याचे उपमंत्री विल्यम ल्यॉन मॅकेन्झी किंग, जे पुढे कॅनडाचे पंतप्रधान झाले.

त्या आयोगापुढे मुलींनी जे सांगितलं ते वाचताना मी चष्मा दोनदा पुसला. उंच स्टुलावर बसून हात ताणून प्लग लावायचे, कानाला पट्टा आवळलेला, कधी कधी कानात विजेचा झटका. पाठीमागे सुपरवायझर फिरते, शिवाय कुणीतरी गुपचूप तारेवर ऐकतंय ही धास्ती. गिऱ्हाईक ओरडलं तरी आवाज चढवायचा नाही. आयोगाने सव्वीस डॉक्टरांच्या साक्षी घेतल्या. डोळे, कान, आवाज, हात आणि मन, सगळ्यांना एकाच वेळी जुंपल्यामुळे मज्जातंतूंवर ताण येतो, असं त्यांतल्या बहुतेकांचं म्हणणं पडलं. सरकारी आयोगाने नोकरीतला मनाचा शीण असा डॉक्टरांच्या तोंडून नोंदवून घ्यावा, ही १९०७ सालची गोष्ट आहे!

आणि निष्पन्न काय झालं? सात तासांचं काम, मध्ये विश्रांती धरून नऊ तासांत पसरलेलं. म्हणजे मुलींना पाच तास परत मिळाले नाहीत, कंपनीलाही सलग आठ मिळाले नाहीत. आम्ही बोर्डाच्या परीक्षेत अशा निकालाला "तडजोड" म्हणायला शिकवत होतो.

पण भांडण कशावर होतं बघा. खुर्चीवर नव्हे, खोलीवरही नव्हे. वेळेवर होतं.

खोली यानंतर सर्रास झाली. १९१० मध्ये अमेरिकेच्या सरकारने टेलिफोन कंपन्यांची मोठी पाहणी करून सिनेटपुढे ठेवली. त्यात ऑपरेटर मुलींच्या विश्रांतीच्या खोल्या आहेत, जेवणघरं आहेत, देखरेखीला प्रौढ बाया आहेत. मोठ्या शहरांतल्या एक्स्चेंजमध्ये सोफे, पुस्तकं, चहा-कॉफी. नातीची यादी आणि ही यादी शेजारी ठेवा, कुंड्या आणि गाद्या तेवढ्या बदलल्यात. मला त्या खोल्यांची टिंगल करायची नाही. उभ्याने डबा खाण्यापेक्षा टेबलावर बसून खाणं चांगलंच. पण याच सोफ्यांवर बसणाऱ्या मुलींनी १९१९ च्या एप्रिलमध्ये जूलिया ओकॉनर या ऑपरेटरच्याच नेतृत्वाखाली बोस्टनसह अख्ख्या न्यू इंग्लंडचे टेलिफोन सहा दिवस बंद पाडले आणि पगारवाढ घेतली, हेही नातीने समितीला सांगावं.

हॉथॉर्नची गोष्ट तुमच्यापैकी जे मॅनेजमेंट शिकलेत त्यांना माहीत असेल. मला माहीत नव्हती. शिकागोजवळचा वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हा कारखाना टेलिफोनचीच यंत्रसामग्री बनवायचा. १९२४ पासून तिथे उजेड कमी-जास्त करून काम वाढतं का हे बघत होते. मग १९२७ मध्ये एका वेगळ्या खोलीत रिले जोडणाऱ्या पाच मुली आणि त्यांना सामान देणारी सहावी अशा बसवल्या. पाच मिनिटांची सुट्टी दिली, दहा मिनिटांची दिली, खायला दिलं, लवकर घरी सोडलं. काम वाढत गेलं. मग सगळ्या सवलती काढून घेतल्या, तरी एकूण काम वाढलेलंच. तेव्हापासून पुस्तकांत असा धडा आला, की माणसाकडे लक्ष दिलं की तो जास्त काम करतो. पुढे अनेकांनी या निष्कर्षाची चिरफाड केली, कारण त्या मुलींना आपल्या छोट्या गटाच्या कामावर पैसे मिळायला लागले होते, म्हणजे जास्त केलं तर आपल्याच पदरात. आणि धड्यात सहसा न येणारी एक गोष्ट, पहिल्या पाचांपैकी दोघींना १९२८ च्या जानेवारीत खोलीतून काढलं, त्या फार बोलतात म्हणून. आनंदी गट असा निवडून तयार केलेला होता.

त्याच कारखान्यात १९२८ ते १९३० मध्ये एकवीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती घेतल्या. मनात असेल ते बोला, आम्ही ऐकतो. लोक मोकळे व्हायचे. एका बाईची गोष्ट सांगतात, तिने मुलाखतीत कँटीनच्या जेवणाबद्दल तक्रार केली आणि नंतर भेटल्यावर मुलाखत घेणाऱ्याचे आभार मानले, तुम्ही सांगितल्यामुळे जेवण सुधारलं म्हणाली. जेवण होतं तेच होतं! पुढे १९३६ पासून वीस वर्षं त्यांनी समुपदेशक ठेवले. त्यांनी ऐकायचं, पण काही बदलायचा अधिकार त्यांना नाही. हे वाचलं आणि मला दारापाशी ठेवायचं ते पाच चेहऱ्यांचं यंत्र आठवलं. नातीला विचारलं, "समजा रडक्या चेहऱ्यावर चाळीस जणांनी बोट ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी काय होतं?" ती म्हणाली, "डॅशबोर्डवर लाल दिसतं." "मग?" "मग मीटिंग होते." असो.

आता एका माझ्या व्यवसायबंधूबद्दल. आग्नर एरलांग हा डेन्मार्कचा गणितज्ञ. जन्म १८७८, एमा नट ज्या वर्षी कामाला लागली तेच साल. काही वर्षं शाळेत मास्तर होता आणि १९०८ मध्ये कोपनहेगन टेलिफोन कंपनीत गेला. त्याने १९०९ आणि १९१७ मध्ये जे निबंध लिहिले त्यातलं गणित आजही प्रत्येक कॉल सेंटरच्या मुळाशी आहे, असं नात म्हणते. प्रश्न साधा होता. फोन कधी येतील ते ठाऊक नाही, तर किती ऑपरेटर बसवले म्हणजे लोकांना फार थांबावं लागणार नाही?

मला सूत्र कळलं नाही, पण नातीने संगणकावर आकडे घालून दाखवले आणि ते माझ्या डोक्यात पक्के बसले. धरा, प्रत्येक बोलणं तीन मिनिटांचं. तासाला ८० कॉल येतात. ६ माणसं बसवली तर शंभरातल्या साधारण ७७ लोकांना वीस सेकंदांच्या आत उत्तर मिळतं. आता मोठं सेंटर घ्या, तासाला २,००० कॉल. लोकांना तितक्याच तत्परतेने उत्तर द्यायला १०६ माणसं पुरतात. आता प्रत्येकाला किती उसंत? सहा जणांतल्या प्रत्येकाला तासात २० मिनिटं. एकशे सहा जणांतल्या प्रत्येकाला साडेतीन मिनिटंसुद्धा नाहीत. गिऱ्हाइकाला दोन्हीकडे सारखंच वाटतं, मालकाला दुसरं स्वस्त पडतं, आणि मधली साडेसोळा मिनिटं कुणाच्या नकळत नाहीशी होतात. कुणी वाईट नाही, कुणी ओरडलेलं नाही. दालन मोठं झालं एवढंच.

माझ्या मते साऱ्या प्रकरणाची गाठ इथे आहे. छोट्या गावच्या एक्स्चेंजमध्ये दोन कॉलच्या मध्ये अक्का स्वेटर विणायची. माझा निळा स्वेटर तिथलाच. ती उसंत कुणी तिला "दिली" नव्हती, कामात आपोआप होती. तिची बदली मोठ्या शहराच्या एक्स्चेंजला झाल्यावर विणकाम थांबलं. तिथे लेडीज रूम मात्र छान होती, दोन खाटा आणि पंखा. अमेरिकेत १९७० च्या दशकात विमान कंपन्यांच्या आरक्षण केंद्रांत अशी यंत्रं आली, की जो मोकळा होईल त्याच्या कानात पुढचा कॉल आपोआप जाऊन पडावा. तेव्हापासून तर श्वास कधी घ्यायचा हेही यंत्राच्या हाती गेलं.

पॅरिसची गोष्ट अजून राहिली. लुई ल गियाँ नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९५६ मध्ये तिथल्या टेलिफोन ऑपरेटर बायकांवर एक लेख लिहिला. त्याने त्या त्रासाला "टेलिफोन ऑपरेटरांचा मज्जाविकार" असंच नाव दिलं. चिडचिड, झोप न येणं, आवाज सहन न होणं. घरी गेल्यावर मुलांचं बोलणं नकोसं होतं, एकटीने गप्प पडून राहावंसं वाटतं. कामावरची ठरीव वाक्यं घरीसुद्धा नकळत तोंडातून बाहेर पडतात.

हे वाचून झाल्यावर मी कागद मिटला आणि बराच वेळ बसून राहिले. रेडिओ, भिंतीकडे तोंड, बाजूला ठेवलेला चहाचा कप. शिष्टपणा नव्हता तर.

आपल्याकडे टेलिफोन एक्स्चेंज १८८२ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला आलं. ऑपरेटरशिवाय परगावी फोन लागण्याची सोय १९६० मध्ये कानपूर-लखनौमध्ये पहिल्यांदा झाली. गावोगावी पोचायला अर्थात बरीच वर्षं गेली. अक्काचा बोर्ड बंद झाला तेव्हा आम्हाला वाटलं, संपलं हे काम. पण १९९० च्या दशकात ते मागल्या दाराने परत आलं, आणि या खेपेला गिऱ्हाईक अमेरिकेत होतं. १९९७ मध्ये जी.ई. कंपनीने गुडगावला आपलं केंद्र काढलं, मग पाठोपाठ बंगळूर, मुंबई, पुणे. रात्रीचा दिवस, नवे उच्चार, आणि सुरुवातीच्या त्या काळात पुष्कळ ठिकाणी नवं नावसुद्धा. घरी जो शरद तो तिथे सॅम. आपल्या गल्लीतली मुलं संध्याकाळी सातला इस्त्रीचे कपडे घालून गाडीची वाट बघत उभी असायची ते तुम्हाला आठवत असेल. पहिला पगार बापाच्या शेवटच्या पगाराएवढा. त्याचा आनंद खरा होता, मी तो नाकारणार नाही.

२००४ मध्ये बाबू रमेश या अभ्यासकाने "इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली"त एक लेख लिहिला, त्याच्या मथळ्यातच "सायबर कुली" हा शब्द होता. मोठा गदारोळ झाला त्यावर. मला तो शब्द थोडा तिखट वाटला, पण त्यातलं एक निरीक्षण पटलं. ही केंद्रं कॉलेजसारखी सजवलेली, खेळ, स्पर्धा, रंगीत भिंती, आणि त्याखाली सेकंदासेकंदाचा हिशोब. बरं, स्वास्थ्य म्हणजे फक्त कामाचं दालन नव्हे. २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या बीपीओतल्या एका मुलीचा, तिला न्यायला आलेल्या गाडीच्याच चालकाने आणि त्याच्या साथीदाराने खून केला. तेव्हा नात लहान होती. ती नोकरीला लागली त्या दिवशी मला पहिली आठवण त्याची झाली होती, कुणाला बोलले नाही.

आणि सर्वांत नवीन. अमेरिकेच्या आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या परिचारिका आणि फोनवरून वसुली करणारे कारकून यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि "भावनिक श्रम" हा शब्द रूढ केला. नोकरीचा भाग म्हणून विशिष्ट भावना आणून दाखवायची, आणि ती दाखवता दाखवता आपली स्वतःची कोणती ते विसरायला होतं. २०१९ मध्ये एका अमेरिकन विमा कंपनीच्या कॉल सेंटरची बातमी आली होती. तिथे संगणक बोलणाऱ्याचा आवाज ऐकत असतो. आवाज थकलेला वाटला तर पडद्यावर कॉफीच्या कपाचं चित्र येतं, सहानुभूती कमी वाटली तर हृदयाचं. कपाचं चित्र, बरं का. कप नव्हे. टोरांटोच्या मुलींच्या मागे सुपरवायझर फिरत होती, ती निदान पाठ वळवायची.

एवढं सगळं नातीला लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं, "आजी, छान आहे, पण मी मीटिंगमध्ये काय सांगू?" मी म्हटलं, मला विचारू नकोस, मी आयुष्यभर तासाची घंटा ऐकली आहे, पंचेचाळीस मिनिटांनी वर्गाबाहेर पडायची मुभा मला होती. अक्काआजीला विचार.

अक्का आता ८१ वर्षांची आहे, कान अजून तिखट आहेत. दोघींना फोनवर एकत्र घेतलं. नातीने विचारलं, "अक्काआजी, तुमच्या त्या लेडीज रूममध्ये काय असायला हवं होतं?"

अक्का म्हणाली, "खोलीत? काही नाही. खोली चांगली होती." मग थांबली. मग तिने जे सांगितलं ते घरात कुणीही आजवर ऐकलेलं नाही. तिच्या परवानगीने लिहितेय.

एकदा रात्री आठच्या सुमारास लायटनिंग कॉल आला होता. कुणाच्या तरी मुलाचा अपघात, बापाला गावी कळवायचं होतं. अक्काने लाइन जोडून दिली. जोडलंय की नाही हे बघायला ऐकावं लागायचं, तिने ऐकलं. बाप काही बोललाच नाही. नुसता रडत होता. इकडचा माणूस "अण्णा, अण्णा" करत होता. आणि घड्याळात तीन मिनिटं झाली. सुपरवायझर मागे उभी. "मी म्हटलं ग," अक्का म्हणाली, "तीन मिनिटं झाली, पुढे चालू ठेवायचं का? माझ्याच आवाजात म्हटलं. गोड. आणि लगेच पुढचं तिकीट घेतलं, साखर कारखान्याचं होतं."

नात काही बोलली नाही. मीही नाही.

"मला तेव्हा उठून फक्त मोरीवर जाऊन तोंड धुवायचं होतं," अक्का म्हणाली. "पण त्यासाठी हात वर करून कारण सांगावं लागायचं. आणि काय कारण सांगणार?"

मी तिला म्हटलं, अक्का, रेडिओच्या वेळी मी तुला बोलले होते, आठवतं? ती म्हणाली, कोणता रेडिओ? खरंच विसरली की मला सोडून दिलं, कोण जाणे.

नातीने समितीच्या यादीत एक ओळ वाढवली आहे. एखादा कॉल जड गेला तर बोलणाऱ्याने एक बटण दाबायचं, तीन मिनिटं पुढचा कॉल त्याच्याकडे येणार नाही, आणि कारण कुणी विचारायचं नाही, त्या दिवशीही नाही आणि महिन्याच्या हिशोबातही नाही. हिरवा रंग, कुंड्या आणि गाद्या एका बैठकीत मंजूर झाल्या. या ओळीवर मात्र नियोजनाच्या माणसाने एरलांगचं सूत्र उघडलं आणि प्रत्येक पाळीला किती माणसं वाढतील ते काढून दाखवलं. नातीने त्याला विचारलं, त्या सूत्रात नोकरी सोडून जाणाऱ्यांचा खर्च कुठे धरलाय? तो म्हणाला, ते दुसऱ्या विभागाकडे असतं.

पुढची बैठक पंधरा तारखेला आहे. काय होतं ते लिहीनच. अक्काही विचारत होती.